लोंढ्याचा आवाज

जयंतीच्या मिरवणुकांत साउंडच्या गाडीवर उभं राहूनच जानेफळचा अश्वजित गवई मोठा झाला. पुढे मेहकरच्या माणिकरावांनी नाटक कंपनी काढली, तेव्हा आवाजाचं काम त्याच्याकडे आलं. धरणात बुडालेल्या एका गावाचं ते नाटक. शेवटी म्हातारी उंबरठ्यावर उभी राहून म्हणायची, "म्या नाही हलत," आणि थांबायची. म्हातारीचं काम जयमालाताई करायच्या. त्यांचं ते थांबणं रोज निराळं असायचं. त्यांनी श्वास सोडला की अश्वजित लॅपटॉपचं बटण दाबायचा आणि पाण्याचा लोंढा मैदानावर कोसळायचा.

"तू हायेस म्हणून म्या बिनघोर थांबतो, अश्वजितभाऊ," असं त्या म्हणायच्या.

मग त्याला तो श्वास ऐकू येईनासा झाला. आधी श्वास गेला, मग हळू आवाजातली वाक्यं गेली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोठ्या आवाजानं कान गेलेत, गेलेलं परत येणार नाही. घरी त्याने हे फक्त बायकोला, मंजुश्रीला सांगितलं. कंपनीत सांगायची छाती झाली नाही. बहिऱ्याच्या हाती साउंड कोण देणार?

एका प्रयोगात लोंढा उशिरा आला आणि जयमालाताई उंबरठ्यावर नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यानंतर अश्वजितने आपल्यापुरता मार्ग शोधला. मोबाइलवर व्हिडिओ बघबघून त्याने कंपनीच्या लाइटवाल्या गणेशचा बोर्ड आपल्या लॅपटॉपला जोडला. आता गणेशने शेवटचा निळा लाइट लावला की लोंढा आपोआप सुटायचा. अश्वजितने नुसतं हेडफोन लावून बसायचं.

गणेश हसला. "मंग तू काय करशीन बे?"

"म्या ध्यान ठेवतो," अश्वजित म्हणाला.

सगळं बिनचूक चालू लागलं. माणिकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ती करामत कौतुकाने दाखवायचे. दिवाळीनंतर नवे प्रयोग ठरले, तेव्हा त्यांनी अश्वजितला आपल्या दुकानात बोलावलं, चहा दिला आणि समोर बसून, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं, "गणेश एकटाच दोन्ही सांभाळते. तूच तर सोपं करून देल्लं. मंग दुसरा माणूस कायले?"

अश्वजितने कप खाली ठेवला. आता लपवून तरी काय उपयोग, असं वाटून तो म्हणाला, "भाऊ, मले आयकू येत नाही. म्हणून केलं म्या ते."

"अरे, मंग तर बरंच झालं," माणिकराव म्हणाले.

हिवाळ्यात साखरखेर्ड्याला संध्याकाळी प्रयोग होता. मंजुश्रीने आग्रह केला म्हणून अश्वजित तिच्यासोबत गेला आणि पुढच्या रांगेत बसला. शेवटी जयमालाताई उंबरठ्यावर आल्या. त्या दिवशी त्या वाक्य म्हणायच्या आधीच थांबल्या. पण गणेशने रोजच्या अंदाजाने निळा लाइट लावला. अश्वजितच्या छातीला स्पीकरच्या बॉक्सचा दणका जाणवला. समोर जयमालाताईंचे ओठ अजून हलत होते. त्यांनी वाक्य पुरं केलं, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रयोग सुटल्यावर त्या लुगड्यातच खाली आल्या. गर्दीचा गलका चालला होता. त्या अश्वजितशी काही बोलल्या. त्याने ओठांकडे पाहिलं, काही उमगलं नाही. बऱ्याच दिवसांनी भेटल्या, खुशालीच विचारत असतील, असं समजून तो हसला आणि म्हणाला, "हाव ताई, हाव."

जयमालाताई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

स्टँडवर आल्यावर त्याने मंजुश्रीला विचारलं, "काय म्हनत होत्या?"

ती आधी सांगेना. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "माह्या तोंडातलं वाक्य गेलं. म्या थांबतो हे माईत असून ते वायर तूच जोडलं होतं का, असं इचारलं त्यायनं."

"अन् म्या हाव म्हनलो?"

"हसून म्हनले तुम्ही."

तो उठला आणि मैदानाकडे चालू लागला. मंजुश्री मागून गेली. तोवर कंपनीची गाडी निघून गेली होती आणि मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते.