भाकितांचे वकील

"उद्या पाऊस येईल का हो?" असं विचारलं, तर याकोबभाऊ आभाळाकडे न बघताच म्हणत, "मले का मालूम? मी का संदेष्टा हाय?" आणि याच माणसाला बायबलमधल्या भाकितांवर बोलतं केलं, की कंपनीची बस निघून गेली तरी पत्ता नसे. ऊर्जानगरला आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. ते वीज केंद्रात, मी शाळेत गणित शिकवणारी. पुरावा मागायची मला खोडच आहे, आणि भाऊंना पुरावा मागणारं माणूस फार आवडे.

"भाऊ, घडून गेल्यावर भाकीत कोणीही लिहील," मी एकदा कुंपणावरून डिवचलं. ते हातातला कढीपत्ता तसाच धरून उभे राहिले. "मसीहा, म्हंजे तारणारा, बेथलेहेमात जन्मंल, हे यहुदी लोकायच्या येशूच्या आधीच्या पोथीत हाय. त्यायनं तं येशूले मानलंच नाई! मंग त्याच्या बाजूची साक्ष ते आपल्या घरात काऊन जपून ठेवतीन?"

मी लगेच दुसरी बाजू धरली. "येशूचा जन्म तिथेच झाला, हे शिष्यांनी मागाहून जुळवलं असेल तर?"

"हा सवाल वजनदार हाय," ते म्हणाले आणि घरात गेले. बऱ्याच दिवसांनी स्वतःच येऊन सांगितलं, "त्या साक्षीपायी शिष्यायनं मार खाल्ला, काही तं मेले. जुळवलेल्या गोष्टीसाठी मानूस मरते काय? पन तुमचा सवाल पुरता मिटला, असं मी नाई म्हनत." असं कबूल करतानाही चेहरा खुललेला. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडायचा.

मग त्यांच्या बायकोला, रूथबाईंना, असाध्य दुखणं जडलं. घरच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले. डोळे मिटून त्यांनी जाहीर केलं, "प्रभूने मला दाखवलंय, नाताळाला ही बहीण आपल्या पायांनी चर्चमध्ये येईल!" सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. रूथबाई तर रडायलाच लागल्या. दारात उभ्या उभ्या मीही हात जोडले.

भाऊ उठले. "अन् नाई आली तं? बोललेलं घडलं नाई तं तो संदेष्टा प्रभूचा नाई, असं शास्त्रातच हाय. तसं झालं तं मी खोटा, असं तुमी आताच सगळ्यायसमोर म्हना."

प्रचारक रागावून निघून गेले. रूथबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला भाऊंचा भयंकर संताप आला. बुडत्याच्या हातातली काडीही काढून घ्यायची का?

नवराबायकोत अबोला पडला. तो रूथबाईंनीच मोडला, मी पेज घेऊन गेले होते तेव्हा. "मंग माह्यासाठी काहीच लिहून नाई काय?"

भाऊंनी त्यांचा हात धरला. "हाय ना. कबरीतून उठशीन. त्याच्या अगुदरचं मले ठाऊक नाई, रूथ."

"तेवढं तं पक्कं?"

"पक्कं."

रूथबाईंनी पेज मागितली.

नाताळाच्या आधीच त्या गेल्या. चर्चच्या मंडळीतले काही जण भाऊंना तोंडावर म्हणाले, तुमच्या अविश्वासानेच त्या गेल्या. दफनानंतर सगळे पांगले, मी थांबले. विचारू नये ते विचारलं, "भाऊ, आता शंका येत नाही?"

"येते ना, बाई. आजही आली." ते ओल्या मातीवरून हात फिरवत होते. "पन त्या दिवशी खोट्याले हो म्हनलं असतं, तं आज हिच्या कबरीपाशी खऱ्यावर कोन्या तोंडानं भरोसा ठेवला असता?"