नवसागर, मीठ आणि मतलई

नवसागराचा थर याही वेळी पाणावला. कॅमेऱ्याचा फोकस जुळेपर्यंत पांढरीशुभ्र झालेली दगडाची कपची ओलसर, चकचकीत दिसायला लागली. मागे वैद्य सर उभे होते, आमचे जिऑलॉजीचे हेड. ते म्हणाले, "मॅडम, पुरे झालं. सोमवारी पार्सल परत जाणार."

कपची आमची नव्हतीच. एका मोठ्या संग्रहालयाने ती रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजला अभ्यासासाठी उसनी दिली होती. कच्छच्या चुनखडीतली, त्यात ब्रायोझोआची वसाहत. ब्रायोझोआ म्हणजे समुद्रात एकमेकांना चिकटून राहणारे इवलेसे प्राणी. प्रत्येकाची सुईच्या टोकाएवढी चुन्याची खोली असते. प्राणी मरतात, खोल्या दगडात उरतात. खोलीचं दार कसं आहे, अंडी सांभाळायची घुमटी कशी आहे, यावरून आम्ही जात ठरवतो.

संग्रहालयाच्या जुन्या लेबलवर एका माहीत असलेल्या जातीचं नाव होतं. त्या जातीची घुमटी बंद असते. मला मायक्रोस्कोपखाली प्रत्येक घुमटीच्या कपाळावर एक फट दिसत होती. म्हणजे जात नवी. पण जर्नलकडून माझा पेपर तपासणाऱ्यांनी कळवलं की फोटोत फट दिसत नाही, तो डाग असेल. डाग म्हणे! फोटो मिळाला नाही तर माझी तीन वर्षांची मेहनत त्या चुकीच्या लेबलखाली परत कपाटात जाणार होती.

डाग आणि फट वेगळी करायला दगडावर नवसागराचा धूर देतात. कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. पांढऱ्या थराखाली डाग झाकले जातात, खऱ्या खाचांच्या सावल्या तेवढ्या राहतात. पण नवसागर हवेतलं पाणी ओढतो आणि आमची लॅब समुद्राकडे तोंड करून. दर वेळी थर धुवावा लागायचा. मागच्या धुण्यात तर कडेचा एक कण सुटला होता. पुण्याच्या कोरड्या हवेत कपची न्यायची सोय नव्हती, कॉलेजबाहेर काढायची नाही अशी अटच होती.

शनिवारी सकाळी घरी उकडलेल्या अंड्यावर मीठ घ्यायला डबी उलटी केली, तर मीठ भसकन पडलं. अंडं खारट झालं म्हणून मी चिडले आणि चिडता चिडताच थांबले. आमच्या घरी मीठ वर्षभर दमट, डबी आपटल्याशिवाय पडत नाही. अब्बांची हयात जहाजावर गेलेली. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, मतलई सुटली आहे. मतलई म्हणजे थंडीत पहाटे घाटाकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा वारा. लहानपणापासून त्याने माझे ओठ फुटतात. आणि आम्ही शहाणे लॅब उघडत होतो अकराला, खारा वारा परत फिरल्यावर!

मी सरांना फोन केला. रविवारी पहाटे चावी घेऊन या, म्हटलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"हो सर. सोमवारपर्यंतच लागलंय."

सर आले. माकडटोपी घालून, कपाळाला आठ्या घालून, पण आले. पूर्वेच्या खिडक्या मी सताड उघडल्या. खोली चांगली कोरडी झाल्यावर त्या लावून घेतल्या आणि धूर दिला. थर बसला आणि तसाच राहिला. मी फोटोमागून फोटो काढले. सर टॉर्च धरून होते, बाजूने, सावली पडेल असा. शेवटी समुद्राकडचा वारा सुटून दाराचा पडदा उलट्या बाजूला फुगला, तेव्हा कपची धुऊन डबीत ठेवलेली होती.

सोमवारी पार्सल गेलं. फिल्मचा रोल धुऊन आला तेव्हा सरांनी फोटो भिंगाखाली बराच वेळ धरला. फट होती, प्रत्येक घुमटीवर. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सर म्हणाले, "पाठवा पेपर." पेपर छापून आला. संग्रहालयाने लेबल बदलल्याचं कळवलं.

लॅबमध्ये आर्द्रता मोजायचं यंत्र आहे, ते तेव्हाही बंद होतं. त्याच्या शेजारी मी मिठाची डबी ठेवली. अजून विद्यार्थी नवसागर तापवायला निघाले की मी सांगते, आधी डबी उलटी करा. मीठ पडलं नाही तर घरी जा आणि उद्या पहाटे या.