शालनच्या फिशटँकमधले खसखशीएवढे जीव

लिहिण्याचा मला अधिकार नाही, सराव तर नाहीच. तेव्हा हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. मी शाळेत विज्ञान शिकवले. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही, असेच म्हणेन.

माझे लग्न चाळिशीनंतर झाले. आम्ही सांगलीत राहतो. ‘हे’ कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर आहेत. यांची पहिली पत्नी शालन वारली. सासूबाई पाटणकडच्या, त्यांनी रिवाजाप्रमाणे तिची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक करवला. दुसरीने तो गळ्यात घालायचा, नवे काही आणले की आधी त्याला दाखवायचे. मी नम्रपणे नकार दिला. टाक देवघरात राहिला.

हॉलमध्ये शालनचा फिशटँक कोरडा पडून होता. निदान तो तरी माझा व्हावा, म्हणून जुन्याच वाळूवर मी पाणी भरले. मासे आणायच्या आधीच आत पांढरे ठिपके पळू लागले.

“अगं, किडं पडलं की!” सासूबाई म्हणाल्या.

मी भिंग लावले. दोन शिंपल्यांत मिटलेले इवले जीव — ऑस्ट्राकॉड. निरुपद्रवी. “यांची अंडी कोरड्या वाळूत वर्षानुवर्षे टिकतात,” मी मोठ्या ऐटीत सांगितले.

“म्हंजे शालनच्या वक्ताचीच म्हणायची,” हे हसले. इतके मऊ हसलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

पुढे रोज संध्याकाळी, यांची गाडी वाजण्याआधी, ते सारे जीव दाराकडच्या काचेवर गोळा होऊ लागले. उजेडाकडे जात असतील, म्हणून मी पडदे ओढले. टँक फिरवून ठेवला. तरी दाराकडेच! हे आले की चपला काढून थेट तिथेच. “आलो गं बायांनो.” मी चहा घेऊन उभी.

“गार हुतोय रं चा,” सासूबाई म्हणत. “आन् तू गं, पाण्यातल्या किड्यावर कशाला जळतीस?”

मी खरेच जळत होते.

एका संध्याकाळी यांचा फोन आला : ओव्हरटाइम आहे, उशीर होईल. वाळू काढून टाकायची हीच संधी, म्हणून मी पाण्यात नळी घातली — तर सारे जीव दाराकडच्या काचेवर! मला हसू आले. फसल्या एकदाच्या, म्हटले.

तेवढ्यात फाटक वाजले.

“मशीन बंद पडलं, सोडलं लवकर,” हे म्हणाले. “तुला कळवायचं राहिलंच बघ.”

मला कळवायचे राहिले होते. त्या जिवांना मात्र कळले होते.

नळी मी काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून टाक गळ्यात घातला. जीव अजून दाराकडेच जमतात, अगदी यांची वेळ चुकली तरी यांच्या येण्याआधीच. कारण मला सापडलेले नाही, आणि टाक घालूनही माझे जळणे थांबलेले नाही.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर ती वाळू ठेवली असतीत का?