मिर्डालला उतरायचं

एप्रिलातली दुपार. चिपळूणचं ऊन असं की अंगणात टाकलेल्या धुण्याकडे बघूनच घाम फुटावा. पद्मजा सोमण मागचं आवरून मधल्या खोलीत येते, गार फरशीवर चटई टाकते आणि पाठ टेकते. डोळे मिटले तरी मुलाचं बोलणं मिटत नाही. जेवायच्या आधीच मंदारचा पुण्याहून फोन येऊन गेलाय. "आई, संध्याकाळपर्यंत काय ते नक्की सांग. उद्यापासून काही बदलता येणार नाही."

बदलायचं म्हणजे नॉर्वे.

हे नॉर्वेचं खूळ मुळात तिच्या नणंदेचं, कालिंदीवन्सांचं. वन्सं म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. पद्मजा सोमणांच्या घरात सून म्हणून आली त्या दिवसापासून वन्सं पुढे आणि ती मागे. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात, अगदी देवदर्शनालासुद्धा. पद्मजाचे यजमान गेल्यावर घरात दोघीच उरल्या, तरी चालण्याचा क्रम बदलला नाही. मग एका संध्याकाळी टीव्हीवर एक आगगाडी बर्फाच्या डोंगरावरून वळसे घेत थेट पाण्याशी उतरताना दिसली आणि वन्सं म्हणाल्या, "हे बघायचं." झालं. जेवणाच्या टेबलावर नकाशा आला, आमटीची वाटी नकाशाच्या कडेला सरकली आणि दोघींची भांडणं सुरू झाली. वन्सांना सगळं बघायचं होतं, तेही भराभर. आणि जन्मात खिडकीची जागासुद्धा मागून न घेतलेली पद्मजा या एका गोष्टीवर अडून बसली. धावाधाव नको. गाडीने जायचं, बोटीने जायचं, आवडेल तिथे राहायचं. ऑस्लोहून बर्गनला जाणाऱ्या गाडीतून वाटेत मिर्डाल नावाच्या डोंगरावरच्या ठेसनावर उतरायचं, तिथून छोट्या गाडीने खाली फ्लॉम गावी, आणि मग बोटीने फियॉर्डमधून. फियॉर्ड म्हणजे उभ्या डोंगरांच्या मधे खोलवर शिरलेली समुद्राची खाडी. "आपली दाभोळची खाडीच की," पद्मजा म्हणाली होती, "फक्त डोंगर जरा रागावून उभे राहिलेत."

भांडण पुरतं मिटलं नव्हतं, पण जूनची तिकिटं निघाली होती. दोघींची. आणि जानेवारीत साध्या तापाचं निमित्त होऊन वन्सं गेल्या.

मंदारचं म्हणणं चुकीचं नाही. एकटीने कशाला? रद्द कर. नाहीतर एखाद्या ग्रुपबरोबर जा, बसमधून पाच देश दाखवतात, जेवण आपलं, बोलणं मराठी. पद्मजा कूस बदलते. फरशीचा गारवा गालाला लागतो. बाहेर कुठेतरी कावळा ओरडतो, एकदा ओरडतो, मग तेच ओरडणं फार लांबून, कापसातून यावं तसं येतं.

"पद्मजा, दूध उतू जातंय!"

ती धडपडून उठते. स्वयंपाकघरात वन्सं बसल्या आहेत. बारीक काठाची करडी साडी, चष्मा कपाळावर. शेगडीवर पातेलं आहे, पण दूध उतू गेलेलं नाही.

"गेलं नाही की," पद्मजा म्हणते.

"जाणार होतं. तू आलीस म्हणून थांबलं."

वन्सं गेल्या आहेत हे पद्मजाला पक्कं ठाऊक आहे. तेराव्याला तिनेच तर घारगे तळले होते. पण घरी आलेल्या माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं? ती पदर सारखा करते आणि चहाचं आधण ठेवायला वळते. खिडकीबाहेरून शेजारच्यांचा फणस सरकत जातो. त्यामागून नारळ, मग विजेचा खांब, मग आणखी एक.

"उभी काय राहिलीस? बस. बोगदा येईल आता," वन्सं म्हणतात.

ती बसते. ओट्याची कडप्प्याची कड तिच्या पाठीशी आहे आणि समोर निळ्या कापडाची सीट. काळोख होतो. कोकण रेल्वेच्या बोगद्यांसारखा काळोख, ओल्या दगडाचा वास आणि कानात दडे. काळोखात वन्सांचा आवाज येतो, शाळेत तास घ्यावा तसा.

"मी सगळं पुन्हा आखलंय. मिर्डालला उतरायचं नाही. सरळ बर्गन. तिथून वर, आणखी वर, जिथे सूर्य मावळत नाही तिथपर्यंत."

"आपलं ठरलं होतं मिर्डालचं."

"फ्लॉममध्ये दोन-दोन दिवस राहून करणार काय?"

"बसणार."

"बसायला चिपळूण आहे."

"चिपळुणात तुम्ही मला कधी बसू दिलंत?"

बोलून गेल्यावर पद्मजाला स्वतःचंच नवल वाटतं. इतक्या वर्षांत हे वाक्य कधी तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. बोगदा संपतो. बाहेर पांढरंच पांढरं. बर्फ आहे, आणि बर्फावर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या आहेत. वन्सं खिडकीबाहेर बघत राहतात. त्यांचा चेहरा काचेत दिसतो, पण काचेतला चेहरा पद्मजाकडे बघतोय.

"नाही दिलं," काचेतल्या वन्सं म्हणतात.

गाडी थांबते. डोंगराच्या खांद्यावर एक एकटंच ठेसन. फलाटावर माणूस नाही, चहावाला नाही. पाटीवरची अक्षरं परकी आहेत, तरी पद्मजाला ती स्वच्छ वाचता येतात. मिर्डाल.

"बसून राहा," वन्सं म्हणतात. "इथे काही नाही."

"काही नाही, म्हणूनच उतरायचं."

"पद्मजा."

हा आवाज शाळेतल्या मुली ओळखत होत्या, वाणी ओळखत होता, पद्मजाचे यजमानसुद्धा या आवाजाला खुर्चीतून उठत. पण पद्मजा पिशवी उचलते. पिशवी जड आहे, आजवर ती कायम वन्सांच्या हातात असायची, म्हणून तिचं वजन हिला माहीतच नव्हतं. ती दारापाशी जाते. एक पाय खाली टाकते. मागे वळून बघत नाही. वळलं तर आपण परत जाऊन बसू, हे तिला चांगलं कळतं.

पायाखाली फळ्या आहेत. फळ्यांच्या फटींतून पाणी दिसतं. दाभोळच्या खाडीकाठची जेटीच ही. सुक्या मासळीचा तोच वास, डिझेलचा तोच धूर, गाड्या पलीकडे नेणारी तीच फेरीबोट. फक्त खाडीच्या दोन्ही अंगांना डोंगर आभाळापर्यंत उभे चढले आहेत आणि त्यांच्या अंगावरून पांढरे धबधबे आवाज न करता खाली येताहेत. पाणी इतकं स्थिर की डोंगर उलटा होऊन त्यात झोपलेला वाटावा.

वन्सं तिच्या शेजारी उभ्या आहेत. पुढे नाहीत, मागे नाहीत. शेजारी.

बोटीच्या तोंडाशी खलाशी आहे, पिवळा रेनकोट घातलेला उंच, गोरा गृहस्थ. तो अस्सल दाभोळी मराठीत विचारतो, "किती माणसां, बाय?"

पद्मजा तोंड उघडते. दोन म्हणायची सवय जिभेवर तयारच बसलेली असते. भाजीवाला विचारायचा, रिक्षावाला विचारायचा, नाटकाच्या तिकिटाच्या खिडकीवर विचारायचे. दोन. वन्सं नुसत्या बघतात, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे बघावं तशा. खलाशी घाई करत नाही. डोंगरावरून पाणी पडत राहतं.

"एक," पद्मजा म्हणते.

"एक?" वन्सं भुवया उंचावतात. "आणि मी?"

"वन्सं, तुम्ही गेलात हो." आता तिला रडू आवरत नाही. "जानेवारीत. माझ्या देखत गेलात."

"ठाऊक आहे मला. तुला ठाऊक आहे का, एवढंच बघत होते."

पद्मजा पदराने डोळे पुसते. राग येतो, हसू येतं, दोन्ही एकदम. "मरूनसुद्धा परीक्षा घेणं सुटलं नाही तुमचं!"

"सुटेल. आजची शेवटची." वन्सं बोटीकडे बघतात. मग आवाज खाली आणून, पूर्वी कधी विचारलं नाही असं विचारतात. "भीती वाटते?"

"वाटते. तिथल्या मोठ्या ठेसनावर वाट चुकेन. कुणाला विचारायचं? माझं इंग्रजी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. रात्री पोटात दुखलं तर? आणि समजा काहीच झालं नाही, सगळं छान झालं, तर 'बघा बघा' असं म्हणायचं कुणाला?"

वन्सं पाण्याकडे बघतात.

"मलाही वाटायची," त्या म्हणतात.

"काय?"

"भीती. बाबा गेल्यावर पहिल्यांदा एकटी मुंबईला गेले तेव्हापासून. बँकेत, कचेरीत, तुझ्या यजमानांना दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा. म्हणून तर पुढे चालायचे गं. पुढे चाललं की मागच्याला आपलं तोंड दिसत नाही."

पद्मजा त्यांच्या तोंडाकडे बघते. इतक्या जवळून, इतका वेळ तिने ते कधी बघितलेलंच नव्हतं. ओठाच्या कोपऱ्याशी एक स्नायू थरथरतोय. पूर्वीही थरथरत असेल. रिक्षात, दवाखान्याच्या जिन्यात, टेबलावरच्या नकाशाशेजारी.

"मला सांगायचंत," ती म्हणते.

"सांगितलं असतं तर तू पुढे झाली असतीस का?"

पद्मजा विचार करते. खोटं बोलावंसं वाटत नाही. "नाही. दोघी दारातच बसून राहिलो असतो."

वन्सं हसतात. शाळेच्या फोटोत असतं ते हसू नव्हे, सुट्टी लागल्यावरचं. बोटीचा भोंगा वाजतो. खलाशी दोर सोडायला वाकतो. पद्मजा बोटीवर पाय ठेवते आणि तेवढ्यात वन्सं तिचं मनगट पकडतात. गच्च पकडतात. त्यांची बोटं गार आहेत आणि मनगटाशी काहीतरी खुडबुड करताहेत, लहान मुलीचं बटण लावून द्यावं तशी.

"वन्सं, बोट सुटतेय!"

"थांब गं. तुझं कायम असंच, अर्धवट तयारीनिशी निघतेस." मग त्या हात सोडतात. "हं. जा आता. आणि मिर्डालला थंडी असते. कानटोपी घाल. फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवू नकोस."

जेटी मागे सरकते. पद्मजाला वाटतं वन्सं उभ्या राहून हात हलवतील. पण त्या वळतात आणि डिझेलच्या धुरातून भराभर चालायला लागतात, कुठेतरी उशीर होत असल्यासारख्या. मागे एकदाही बघत नाहीत. पद्मजा कठड्याला धरून उभी राहते. डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, पाण्याचा रंग हिरव्याचा काळा होतो, बर्फाचा गार वारा गालाला लागतो.

गालाला फरशी लागली आहे. चटई सरकून पलीकडे गेलीय. दारावरचा पडदा हलतो, बाहेर ऊन उतरायला लागलंय आणि कावळ्याऐवजी आता शेजारच्यांचा मिक्सर ओरडतोय. पद्मजा उठून बसते. पापण्या ओल्या आहेत. स्वयंपाकघरात डोकावते. शेगडी बंद, पातेलं पालथं, कुणी नाही. ती तोंडावर पाणी मारते आणि चहाच्या आधी फोन उचलते. चहा झाला की धीर ओसरेल अशी तिला शंका आहे.

"मंदार, माझं तिकीट राहू दे. आत्याचं तेवढं रद्द कर."

"आई? एकटी जाणार तू?"

"हो."

"अगं, मग निदान ग्रुपबरोबर तरी..."

"नाही. आणि मधले मुक्कामही कमी करायचे नाहीत."

मंदार चांगला मुलगा आहे, त्याची काळजी खरी आहे, हे तिला कळतं. म्हणून ती आवाज चढवत नाही, पण मागेही घेत नाही.

"बरं," तो म्हणतो. "मग एक तरी ऐक. गाडी बदलायच्या भानगडीत पडू नकोस. सरळ बर्गनला जा. तिथे मोठं ठेसन आहे, माणसं आहेत. त्या मधल्या ठेसनावर काय आहे?"

"काही नाही. मी मिर्डालला उतरणार आहे."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना," पद्मजा म्हणते. "तू रोज रात्री फोन कर. मी घाबरले असले तर घाबरले म्हणून सांगीन. लपवणार नाही. पण उतरणार."

पलीकडून एक लांब सुस्कारा येतो आणि त्याच्यामागून हसू. "आत्यासारखी बोलायला लागलीस."

"नाही रे. आत्या असं कधी बोलली नाही," ती म्हणते, आणि फोन ठेवते.

चहा टाकायचा म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. सव्वाचार. सवयीने मनगटाकडेही बघते. दुपारी पडताना ती हातातलं घड्याळ काढत नाही. जुनं आहे, पण कधी मिनिटभरही चुकलेलं नाही.

मनगटावर पाऊण वाजला आहे.

बंद पडलं असेल म्हणून ती ते कानाशी नेते. नाही, चालू आहे. सेकंदकाटा आपल्या गतीने, कसलीही घाई न करता फिरतो आहे. पद्मजा ओट्याला टेकते आणि बोटांवर मोजते. नॉर्वे आपल्याहून साडेतीन तास मागे. मग ती पुन्हा मोजते.

झोपेत कशात अडकून घड्याळाची चावी बाहेर ओढली गेली असेल म्हणावं, तर तसंही नाही. वेळ लावून ती नीट आत दाबलेली आहे, आणि तिच्या भोवती मनगटावर चार बोटांचे लालसर वळ आहेत. पद्मजा त्यांच्यावर हळूच तळवा ठेवते. तेवढा भाग अजून गार आहे.

ती मनगटावरचं घड्याळ आपल्या वेळेवर परत लावत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आधण ठेवते, एका कपाचं.