पंपाच्या खोलीचं दार

माझे वडील नौदलात होते, हे ग्वाल्हेरमध्ये सांगितलं की लोक आधी हसतात. इथून समुद्र फार लांब. पण बाबांनी उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनांपाशी काढली आणि निवृत्तीनंतर इथल्या हरिशंकरपुरम वस्तीत माझ्याकडे राहायला आले. इंजिनांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत. फोनवर कुणी बोललं की मी ते त्यांच्या उजव्या कानाशी पुन्हा सांगते.

माझी मुलगी मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकवते. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. नौदलानं मोडीत काढलेलं एक जहाज तिथल्या समुद्रात मुद्दाम बुडवणार होते. जहाज तळाशी बसलं की हळूहळू त्यावर प्रवाळ धरतं, मासे येतात, आणि पर्यटक खाली उतरून ते बघतात. त्याआधी तेल उपसून, वायरी काढून जहाज साफ करायचं काम चाललं होतं.

"आई, ते आबांचं जहाज आहे," ती म्हणाली. "बता दो उन्हें, खूश होतील."

बाबा खूश झाले नाहीत. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि जे आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्या जहाजावर त्यांचा एक जोडीदार होता, भिंडचा. एकाच गाडीनं सुट्टीवर येत, म्हणून दोस्ती. एकदा खालच्या पंपाच्या खोलीत आग लागली. हा आत होता. आग पसरू नये म्हणून खोली ताबडतोब बंद करायचा हुकूम आला, आणि दाराशी बाबा उभे होते.

"दार मी लावलं," बाबा म्हणाले. "आतून दोनदा वाजलं. तेव्हा माझे कान शाबूत होते."

बाकीचे लोक वाचले. त्याच्या बायकोला भेटायला बाबा भिंडला गेले तेव्हा, तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, असं सांगून आले.

आता त्यांचं एकच मागणं होतं. जहाज बुडवायचं तर बुडवा, पण ते दार काढून टाका. मी लगेच मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, बारक्या खोल्यांमध्ये उतरणारा माणूस अडकू शकतो, म्हणून त्या वेल्डिंग करून बंद केल्यात. पंपाचीही. आता काही होणार नाही.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दार काढलं म्हणतेय," मी त्यांच्या कानात सांगितलं.

हे तिकडे मुलीलाही ऐकू गेलं. तिनं फोन ठेवला. बाबांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं मला चहा मागितला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

जहाज बुडालं. दिवाळीला मुलगी घरी आली, तेव्हा बाबांनी तिला जवळ बसवून विचारलं, की काढलेलं दार कुठे ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं त्यांच्या कानाशी जाऊन, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "आबा, दार निघालं नाही. ते बंदच आहे."

बाबा बराच वेळ तिचा हात धरून बसले. मला एवढंच म्हणाले, "तू खरं सांगायला हवं होतंस गं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

भाऊबीज झाल्यावर ते एकटेच भिंडच्या बसनं गेले. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. दिवेलागणीला परत आले, पाय धुतले, खुर्चीत बसले.

"त्याची बायको आहे अजून," म्हणाले. "थकलीय. जेवल्याशिवाय सोडलं नाही."

त्यांनी तिला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.