हात धरून नेलेली माणसं

मंगलचा फोन आला तेव्हा मी भावाच्या दुकानात आंब्याच्या पेट्यांतलं गवत बाजूला करत बसले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकवते ते कॉलेज बंद असतं आणि अब्बांच्या माघारी दुकानाला एक हात जास्तीचा लागतो. मंगल स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून नाव पाहताच मी हातातलं टाकून तो उचलला. "रेहानाबाई, अक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनवर नुसत्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या... अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, लंकाबाई. माझी मैत्रीण. आदल्या संध्याकाळी छातीत कळ आली, गॅस झाला असेल म्हणून ओवा चावून झोपली, पहाटे पुन्हा कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

वडवणीहून पुढं जीप करून मी गावात पोचले तोवर अंगण बायकांनी भरलं होतं. लांबलांबच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून आलेल्या, बऱ्याचशा मला अनोळखी. सरणाला अग्नी देण्याआधी अभिजित बोलायला उभा राहिला. ज्या गटातून लंकाबाई आणि मी परदेशी गेलो होतो त्याचा अभिजित प्रमुख होता. त्याचे वडील साखर कारखान्याचे संचालक, आणि तो आता स्वतःही त्याच मार्गावर आहे. माणूस वाईट नाही. तो म्हणाला की लंकाबाईंनी आपल्या जिल्ह्याचं नाव समुद्रापार नेलं. बायका खाली बघत होत्या. मीही मान खाली घातली. समुद्रापार तिनं काय नेलं होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच तोंडून तिकडच्या लोकांपर्यंत गेलं होतं.

आमच्या भागात लंकाबाई हे नाव घरोघर सापडतं. पण लंकाबाई श्रीलंकेला जाणार म्हटल्यावर सगळ्यांनाच हसू फुटलं. पासपोर्टच्या कचेरीत कारकून म्हणाला, "बाई, इथं नाव सांगा, देश खालच्या रकान्यात." ती शांतपणे म्हणाली, "दोनीकडं तेच लिवा साहेब." तेव्हा ती बीडच्या एका संस्थेच्या हंगामी वसतिगृहात स्वयंपाक करायची. दिवाळीनंतर आईबाप ऊस तोडायला कारखान्यांवर गेले की गावात मागं राहिलेली पोरं या वसतिगृहात जेवतात, झोपतात, शाळेत जातात. ती स्वतः लग्नानंतर सात-आठ हंगाम नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली होती. पाठ साथ देईना म्हणून कोयता सुटला, असं ती सांगायची. मी त्याच संस्थेत शनिवार-रविवार इंग्रजी शिकवायला जात असे.

लढाईतून सावरणाऱ्या देशातली तरुण मुलं आणि आपल्याकडची तरुण मुलं यांनी एकमेकांच्या घरी राहायचं, एकमेकांकडून माणसाच्या हक्कांबद्दल शिकायचं, असा तो श्रीलंकेला जायचा कार्यक्रम होता. पाठोपाठ दुष्काळ पडलेला जिल्हा म्हणून आमची निवड झाली. आधी सगळी नावं पदवीधरांचीच गेली होती. ऊसतोड केलेलं कुणीतरी हवंच असं वरून कळल्यावर लंकाबाईचं नाव घातलं गेलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिच्या जोडीला मी.

श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या एका गावात आम्ही दोघी सेल्वीअम्मांच्या घरी उतरलो. पत्र्याचं छप्पर, ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, दारात गोड्या पाण्याची विहीर. पाणी बघून लंकाबाई पहिल्या दिवशी विहिरीच्या काठावरून हलेना. सेल्वीअम्मा साठीच्या पुढच्या, बोलायला कमी. रोज सकाळी मुलाचा फोटो घेऊन त्या सडकेच्या कडेला इतर आयांबरोबर जाऊन बसायच्या, कारण त्या सगळ्यांची मुलं लढाईच्या शेवटी नाहीशी झाली होती. लंकाबाई काही न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागली. आमच्या गटातली बाकीची मुलं वह्या उघडून प्रश्न विचारत. ही नुसती बसायची, ऊन आलं की पदर दोघींच्या डोक्यावर धरायची.

एके दुपारी सेल्वीअम्मा आपणहून बोलल्या. त्या तमिळमध्ये सांगत, त्यांची भाची कविता ते इंग्रजीत सांगे, आणि मी मराठीत. लढाई संपताना लष्करानं जाहीर केलं होतं की मुलांना आणून हजर करा, नोंद करून सोडून देऊ. मुलगा जायला तयार नव्हता, घाबरला होता. अम्मांनीच त्याची समजूत घातली, हाताला धरून बसपर्यंत नेलं, वर चढवलं. खिडकीतून त्यानं पाणी मागितलं तर बाटली द्यायला त्या धावल्या, तोवर बस सुटली... "कुणी ओढून नेला असता तर मी त्यांना शिव्या दिल्या असत्या," असं त्या म्हणाल्या. "मीच नेला." हे मराठीत सांगून मी लंकाबाईकडं पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, ऐकवलं नसेल तिला. असंच वाटलं मला.

शेवटच्या दिवशी आपल्या जिल्ह्याबद्दल सांगायची आमची पाळी होती. गावच्या सभागृहात अभिजितनं पडद्यावर जिल्हा दाखवला. ऐन पावसाळ्यातला कपिलधारचा धबधबा, अंबाजोगाईची देवळं, सहकारी कारखान्याची चिमणी. सहकारानं कोरडवाहू माणसाला कसं उभं केलं ते त्यानं मनापासून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की आमच्याकडं सुदैवानं युद्ध झालं नाही, म्हणून आम्ही तुमच्याकडं शिकायला आलो आहोत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात लंकाबाई उठून पुढं गेली आणि मला तिनं खुणेनं बोलावलं. "मी बोलते, तू सांग. जसंच्या तसं सांग. बरं दिसावं म्हनून फिरवू नको."

मग तिनं सांगितलं की तिची पिशवी काढलेली आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय, आमच्याकडं बायका असंच म्हणतात. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. पाळीच्या दिवसांत बाईचा खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, पुढच्या हंगामाला दुसरी जोडी बघतो. अंगावरून जायला लागलं, पोटात दुखायला लागलं म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं पडद्यावर काहीतरी काळं-पांढरं दाखवून सांगितलं की काढली नाही तर कॅन्सर होईल. विशीतच काढून टाकली. मी एकेक वाक्य इंग्रजीत म्हणत होते, 'मी', 'माझी', 'माझ्या' असं म्हणत, आणि माझी जीभ जड होत होती. बीडच्या भर वस्तीत वाढलेली मी. आमच्या दुकानासमोरून दर दिवाळीनंतर माणसांनी भरलेले ट्रक जाताना बघितलेत, त्यांना केळी विकलीत. अभिजित पायाकडं बघत होता. आमच्या गटातली एक मुलगी मला हळूच म्हणाली, आता पुरे म्हण ना तिला. आमची सगळ्यांची लाज त्या एका वाक्यात होती.

लंकाबाई थांबली नाही. "माझं सांगाया उठले न्हाई मी," ती म्हणाली. "मंगलचं सांगते. माझी धाकटी जाऊ. तिला एकच लेक, अजून एक लेकरू पायजे होतं तिला. तिला जरासं दुखत होतं. मी म्हनलं, मला बरं पडलं, तूबी करून घे, कटकट जाईल. मीच हाताला धरून नेलं तिला त्याच डाक्टरकडं. भाईर बाकड्यावर बसून ऱ्हायले. माझं चुकलं असं तिला अजून म्हनले न्हाई."

कवितानं ते तमिळमध्ये सांगून संपवलं. सेल्वीअम्मा पुढच्या रांगेत होत्या. त्या लंकाबाईजवळ येतील, तिला पोटाशी धरतील, असं मला वाटलं. त्या जागेवरूनच बोलल्या. "तू जाऊन तिला सांग. मला सांगायला माणूस उरला नाही. तुझी ती अजून जिवंत आहे."

परत आल्यावर अभिजितनं अहवालात तिच्या भाषणाला 'ग्रामीण महिलांचे आरोग्य' असं नाव दिलं. आणि लंकाबाईनं मंगलला काही सांगितलं नाही. वसतिगृहात दिसली की मी विचारायची, ती म्हणायची, आता ती फडावर हाय, आली की सांगते. मंगल उन्हाळ्यात आली, तर लंकाबाई म्हणाली, लेकीच्या सोयरिकीचं चाललंय तिच्या, आत्ता नको.

त्याच उन्हाळ्यात तिकडची मुलं आमच्याकडं आली. टँकरवर गावं जगत होती. पाहुण्यांना अंघोळीला बादलीभर पाणी द्यायचं तर शेजारच्या घरातून उसनं आणावं लागे. त्यांना कपिलधारला नेलं तेव्हा धबधब्याच्या जागी काळा कोरडा कातळ होता. अभिजित सारखा सांगत होता, पावसाळ्यात या, तेव्हा बघा. कविताही आली होती. त्या कातळाजवळ उभं राहून तिनं लंकाबाईला माझ्यामार्फत विचारलं, "अम्मांनी विचारायला सांगितलंय. सांगितलंस का तिला?" लंकाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण इतकी लाजलेली, अशी लहान होऊन गेलेली ती मी त्याआधी पाहिली नव्हती. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, आणि गावाचा फाटा येताच म्हणाली, गाडी आत घ्या.

मंगल अंगणात राखेनं भांडी घासत होती. एवढी माणसं बघून ती उठली, आत गेली आणि पाहुण्यांसाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. लंकाबाईनं तो तांब्या तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दवाखान्यातून येताना मंगलनं विचारलं होतं, आता लेकरू होईल ना, आणि होणार नाही हे ठाऊक असून आपण हो म्हणालो होतो, हेसुद्धा. ते तिनं समुद्रापलीकडंही सांगितलं नव्हतं. मी ते भाषांतर करून कविताला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

मंगल पुन्हा भांड्यांपाशी बसली आणि घासलेल्या ताटावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमी नेलं म्हनून न्हाई गेलते मी अक्का. मुकादमाला भेऊन गेलते. पर तुमी नको म्हनला असता तर थांबले असते." एवढं बोलून तिनं तांब्या उचलला आणि पाहुण्यांना पाणी दिलं.

माफ केलं, असं ती तेव्हाही म्हणाली नाही आणि नंतरही नाही. पुढं कित्येक महिने दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या, पण वाटी-चमच्याची देवाणघेवाणही बंद होती. पुढच्या दिवाळीनंतर मात्र मंगल ट्रकमध्ये बसली नाही. नवऱ्याला म्हणाली, तुम्हाला जायचं तर जा. आणि वसतिगृहात येऊन लंकाबाईशेजारी भाकरी थापायला बसली. मला लंकाबाईनं एवढंच सांगितलं की ती आली.

तिथून पुढं लंकाबाईनं एक काम धरलं. पिशवी काढायला सांगितलेली बाई कळली की ती तिच्या घरी जायची आणि म्हणायची, एकदा अंबाजोगाईला मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखव, मग काय ते कर. काही यायच्या, काही हाकलून द्यायच्या. कितींच्या वाचल्या हे तिनं मोजलं नाही. ज्यांच्यापर्यंत वेळेत पोचली नाही त्यांची नावं मात्र तिला पाठ होती. मधल्या काळात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं पेपरांत आलं, चौकश्या झाल्या, पुढारी हळहळले. तिला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली. ती गेली नाही. म्हणायची, तिथं लोक टाळ्या वाजवतात गं... मग मला घरी आल्यावर चैन पडत न्हाई.

कविताला मी लंकाबाईची बातमी कळवली. सेल्वीअम्मांना तिनं ती सांगितली. अम्मा आता थकल्या आहेत, पण अजून सडकेवर जातात. त्यांनी उलट विचारलं, धाकटी जवळ होती का? होती, असं मी कळवलं. मंगलच्याच मांडीवर तिचं डोकं होतं. हे मला त्या दिवशी जमलेल्या बायकांनी सांगितलं, मंगलनं नाही.

तेराव्यानंतर मंगलचा पुन्हा फोन आला. लंकाबाईनं एका पोरीला अंबाजोगाईला न्यायचं कबूल केलं होतं, येता का म्हणाली. मी गेले. पोरगी विशीतली, वर्षाचं बाळ सासूकडं ठेवून आलेली, भेदरलेली. एसटीतून उतरल्यावर तिनं मंगलचा हात धरायला हात पुढं केला. मंगलनं तो धरला नाही. तिला पुढं जाऊ दिलं आणि स्वतः मागून चालू लागली. मग मला आठवलं, लंकाबाईही अशीच चालायची. इतक्या बायकांबरोबर ती गेली, पण कुणाच्या पुढं चालताना किंवा कुणाचा हात धरताना मी तिला पाहिलं नाही. "तुझं तू सांग, मी मागं हाय," एवढं म्हणायची. मंगलही तेच म्हणाली, त्याच सुरात, आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर बसली.

पोरगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. साधी सूज आहे, गोळ्यांनी जाईल, महिन्यानं दाखवायला या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पोरगी हसत होती. मंगलनं पट्टी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, अंगठ्यानं एका गोळीवर जरा दाबून पाहिलं.

"एवढंच लागत होतं बगा, रेहानाबाई," ती म्हणाली.

माझ्याच्यानं वर बघवेना. मंगलनं पट्टी त्या पोरीला परत दिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल, हो पुढं." आणि ती पुढं, मंगल तिच्या मागं, अशा त्या दोघी स्टँडकडं निघाल्या.