बटन मी आधीच सोडत होतो

हे मी सुजातालाही सांगितलेलं नाही. सुजाता म्हणजे माझी बायको. नवरा आपल्यापासून काही लपवत नाही, असं ती मैत्रिणींना सांगते. मी शेजारी बसून ते ऐकून घेतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा आई फोनवर जे बोलली, त्यानंतर गप्प बसणं जमेना, म्हणून.

गोष्ट हीटरची आहे. म्हणजे—हीटरपासून सुरू करणं मला सोपं जातंय.

आमचं ऑस्ट्रेलियातलं, वेरिबीचं घर जुनं. बैठकीच्या भिंतीत गॅसचा हीटर बसवलेला, आमच्या आधीच्या मालकांच्याही आधीचा. त्याच्या पोटात करंगळीएवढी एक ज्योत सतत जळत असते, तिला पायलट म्हणतात. ती असेल तरच मोठी आग पेटते. वाऱ्याने ती विझली, की गुडघ्यावर बसायचं, बटन दाबून धरायचं, ठिणगी टाकायची. ज्योत दिसली तरी बटन लगेच सोडायचं नाही. ज्योतीत एक तांब्याची काडी असते, ती नीट तापू द्यायची. काडी तापायच्या आत बोट उचललं, तर यंत्राला वाटतं आग नाहीच, आणि ते गॅस तोडतं. बस, एवढंच. एवढंच मला पक्कं ठाऊक होतं.

आई अकोल्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, एप्रिल-मेच्या उन्हात सायकलवर गावोगाव हिंडलेली. बाबा गेल्यावर ती तिथे एकटी. तिने कायमचं आमच्याकडे यावं, हे सुजाताचं म्हणणं. माझं नाही—सुजाताचं. व्हिसाची माहिती तिनेच काढली. आई म्हणाली, आधी एक हिवाळा काढून बघते. झेपला तर राहते, नाही तर परत जाते. "अकोल्याचं ऊन पचवलं मी. तुही थंडी काय करते मले?" अशी तिची ऐट.

म्हणजे तिने स्वतःची परीक्षा लावून घेतली होती. लक्षात ठेवा हे.

आता मला जरा मागे जावं लागेल. आम्ही बौद्ध. हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं. लपवलं होतं असंही कोणी म्हणणार नाही. फक्त विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जायचो. आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. बैठकीत बुद्धाची मूर्ती होती. पण बुद्ध इथे सगळ्यांकडे असतो, नर्सरीत कुंड्यांच्या शेजारी विकायला ठेवलेला असतो. निळ्या कोटातली तसबीर मात्र बेडरूममध्ये, कपाटाच्या बाजूला. दाराआड. सुजाता सुरुवातीला एक-दोनदा बोलली, मग तिने सोडून दिलं.

आईने आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तसबीर उचलून बैठकीत लावली. मला विचारलंही नाही. तिला का विचारावंसं वाटेल?

मग आमच्याकडे मराठी मंडळींचं जेवण झालं. दर महिन्याला कोणाच्या तरी घरी असतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. आई दारात उभी. येईल त्याला हात जोडून, स्पष्ट, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात—"जय भीम." केदार, माझा इथला सगळ्यात जुना मित्र, अर्धा क्षण थांबला, मग म्हणाला, "नमस्कार काकू." त्याने तसबिरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि वांग्याच्या भाजीचं भांडं पुढे केलं, "मायक्रोवेव्हमध्ये टाक रे, गार झालीय."

एवढंच झालं. कोणी काही बोललं नाही, कोणी यायचं थांबलं नाही. पुढच्या महिन्यात केदारकडे जेवणही झालं. आणि तरी—त्या रात्री भांडी घासताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. ही जायला हवी. आई म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मग काय म्हणून?

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पायलट विझला. खरोखर विझला, वाऱ्याने. मी व्हिडिओ बघून झाकण काढलं, काडीवरची काजळी पॉलिश पेपरने घासली, बटन धरलं. पहिल्या झटक्यात पेटला, छान निळा. घरात कोणी नव्हतं. आई यशोला, आमच्या मुलीला, शाळेतून आणायला गेली होती. मी त्या ज्योतीकडे बघत बसलो. आणि मग हात पुढे करून तिला विझवलं.

त्या दुपारी मी फार विचार केला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. केला नाही.

आई आल्यावर म्हणाली, "पेटत काहून नाही रे हा?" मी म्हणालो, काडी गेली असेल, बघतो. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. किती वेळ धरायचं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, आकडे मोजायचे. "आकडे कशाला? मी त्रिसरण म्हणते, तीनदा होईतोवर धर तू." आणि डोळे त्या छोट्या काचेला लावून ती म्हणू लागली. बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. मग दुतियम्पि, म्हणजे दुसऱ्यांदा. ज्योत जळत होती. तिच्या चष्म्यात दिसत होती. मग ततियम्पि, तिसऱ्यांदा—आणि तिथे मी अंगठा सैल केला. किंचित. बाहेरून काहीच दिसत नाही.

"गेला बाप्पा," आई म्हणाली.

हे आम्ही रोज करायचो. कल्पना करा, रोज. ती संध्याकाळी शाल घेऊन माझ्या बाजूला येऊन बसायची, "चाल, आज पेटवूच," म्हणायची, आणि मी तिच्या शरणागतीच्या शेवटच्या ओळीत बोट उचलायचो. पंचशीलात खोटं बोलणार नाही असं म्हणतो ना आपण? पण मी बोलत कुठे होतो?

सुजाताला सांगितलं, गॅसवाल्याला फोन केलाय, हिवाळ्यात त्यांना वेळ नसतो. फोन केला नव्हता. तिने विजेचा एक छोटा हीटर आणून आईच्या खोलीत ठेवला. आईने तो यशोच्या खोलीत ढकलला. "पोरगी अभ्यास करते, तिले लागते." गरम होणारी चादर आणली, तर "करंटवर झोपू का मी?" यशो म्हणायची, "आजी, यू आर फ्रीझिंग!" आजी म्हणायची, "नो नो, आय ॲम फाइन," आणि नऊवारीवर सुजाताचं फुगीर जाकीट घालून ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसायची. तिच्या पायांची बोटं सुजून लाल झाली. रात्री खोकला ऐकू यायचा. भिंतीपलीकडून मला तो ऐकू यायचा, आणि मी कूस बदलायचो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ती चहा घेताना म्हणाली, "मिलिंद, माझं तिकीट काढ." सुजाता रडली. आई तिची समजूत घालत होती. "तुह्या घरात काही कमी नाही. मीच कच्ची निघाले."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघ आई, तुझी मर्जी."

तिला विमानतळावर सोडून आलो, आणि कोट न काढता गुडघ्यावर बसलो. बटन धरलं. माझ्याच तोंडून त्रिसरण येत होतं, तिच्या चालीत. तिसऱ्यांदा पूर्ण केलं. ज्योत राहिली. मोठी आग भप्पकन पेटली. यशो खोलीतून धावत आली, "डॅड, इट्स वर्किंग!" सुजाता दारातच उभी राहिली. "आज कसा पेटला?"

"वारा पडला असेल," मी म्हणालो.

तसबीर आईने न्यायची नाही असं ठरवलं होतं, "राहू दे तुह्यापाशी." त्याच आठवड्यात ती पुन्हा दाराआड गेली. आजही तिथेच आहे.

आई आता अकोल्यात एकटी असते. ओळखीचं कोणी ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं, की सांगते, मुलगा-सून लाख चांगले, मलेच थंडी झेपली नाही. सायकलवर ऊन पचवलेली बाई हे हसत हसत सांगते. इथे हिवाळा लागला की न चुकता विचारते, हीटर पेटतो ना? मी म्हणतो, पेटतो.

परवा मात्र ती पुढे म्हणाली, "एक सांगू का? मले आत्ता समजलं, तो काहून विझायचा. मी त्रिसरण भरभर म्हणायची रे. थंडीनं जीभ घाई करे. मी लवकर संपवायची, म्हणून तू लवकर सोडायचास. माझीच चूक."

पडद्यावर तिचा चेहरा होता. चष्मा जरा खाली घसरलेला. ती उत्तराची वाट बघत होती. माझ्या मागे हीटर चालू होता.

मी म्हणालो, "असेल."